बोडीचा पान्हा

"आधी वास घ्या, मंग बोला," असं म्हणून देवकाने पितळेचा लोटा थेट माझ्या नाकाखाली धरला.

लोट्यात पांढरं काहीतरी होतं. दूध म्हणावं तर पातळ, पाणी म्हणावं तर दाट. मी वास घेतला. दुधाचा नव्हता, ताकाचा नव्हता, पेजेचाही नव्हता.

"कुठलं आणलं हे?"

"बोडी पान्हावली, सोविंदाभाऊ," देवका म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

खरं सांगतो, मला राग आला. आमच्या पळसटोल्यात जे घडू शकत नाही ते आधी माझ्या ओसरीवर घडायचं आणि मग गावात जायचं. वाघाने माझ्याजवळ विडीला विस्तव मागितला होता तो प्रसंग काय, किंवा मी वाडीस माशाच्या पाठीवर बसून वैनगंगा ओलांडली तो काय, सगळे माझ्याच तोंडून गावाला कळलेले. आणि आता एवढा मोठा चमत्कार मला न विचारता परस्पर होऊन गेला होता. गावात लग्न लागावं आणि न्हाव्याला आवतण नसावं, तशी माझी गत झाली.

आमचा मुलूख धानाचा. पावसाचं पाणी मातीची पाळ घालून अडवायचं आणि गरजेला शेतात सोडायचं, ही इथली जुनी रीत. मोठ्या साठ्याला तलाव म्हणतात, लहानाला बोडी. तलाव बहुतेक सरकारकडे गेले. आमची बोडी मात्र कापगत्यांच्या मालकीची राहिली. पार्बताबाई कापगते तिच्या मालकीण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती बोडी हेच त्यांचं लेकरू. पाळ दोन पुरुष उंच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शेतं, आणि पाळीच्या अगदी पायथ्याला कुडाच्या घरांची टोली. टोलीतलं पहिलं घर देवकाचं. तिच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्याही आत पाळ सुरू व्हायची.

तिथे पायथ्याला पूर्वीपासून ओल होती. पाझर म्हणा. त्यावर देवकाने कोचई, म्हणजे आमचं अळू, लावली होती, पानं सुपाएवढाली व्हायची. टोलीतल्या बाया त्या पाझराला बोडीचा पान्हा म्हणायच्या. बाळंतिणीला दूध उतरत नसलं की तिथलं ओंजळभर पाणी पाजायच्या. पाणी नितळ असायचं, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या श्रावणात बोडी काठोकाठ भरली आणि पाझर पांढरा झाला. त्याच आठवड्यात देवकाची सून जसवंता बाळंत झाली होती आणि तिला दूध उतरत नव्हतं. आणखी पुरावा कोणाला पाहिजे होता?

मी देवकाला म्हणालो की मला बघू दे, एवढ्यात काही बोलत नाही. तिला वाटलं मी भक्तीने बोललो. मला फक्त एवढंच शोधून काढायचं होतं, की माझ्या हद्दीत ही थाप मारली कोणी.

पाळीवर जत्रा भरली होती. आडकू किराणेवाल्याने नारळांचं पोतं आणून मांडलं होतं आणि शेजारच्या गावाहून बैलगाड्या येत होत्या. माझा पहिला संशय आडकूवरच. तांदळाचं धुवण आणून ओतत असेल, असं मला वाटलं. म्हणून मी पाझराजवळच्या बेशरमाच्या झुडपात दबा धरून बसलो. डासांनी मला फोडून काढलं. शेवटी आडकूच मागून येऊन म्हणाला, "दादा, पोट बिघडलं असन तर तिकडं नाल्यात जा ना, इथं देवस्थान आहे."

घरी येऊन मी ते पांढरं पाणी मांजरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेपूट वर करून निघून गेली. चुलीवर तापवलं, तर साय धरेना, उतू जाईना. साखर घालून दारात ठेवलं, मुंग्या आल्या; पण साखरेला मुंग्या येतातच, हे माझ्या बायकोने, भागरताने, मला समजावून सांगितलं.

तेवढ्यात पार्बताबाईंनी बोलावणं पाठवलं.

दोन दिवसांपूर्वी त्या स्वतः टोलीत येऊन गेल्या होत्या. काही दिवस इथून हला, माझ्या अंगणात राहायला या, असं सांगत होत्या म्हणे. टोलीने त्यांना हात जोडले आणि परत पाठवलं. मालकिणीला पान्हा एकटीला पाहिजे, असा सगळ्यांचा समज झाला. आडकू तर म्हणाला, की उद्या त्या पाझराला कुंपण घालून कुलूप लावतील.

मी गेलो तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोविंदाभाऊ, सारा गाव म्हणते दूध आहे. गायीचं आहे का म्हशीचं, एवढं तुम्ही सांगा. तुमच्याबिगर कोण सांगन?"

माझी छाती फुगली. त्यांनी कोपऱ्यातला भरलेला लोटा दाखवला.

"हा घरी न्या. फळीवर ठेवा. सकाळपर्यंत हलवू नका, हात लावू नका. मंग पाहा."

मी तो लोटा देवघरातल्यासारखा सांभाळत घरी नेला. सकाळी उठून पाहिलं, तर वर आरसा धरावा तसं स्वच्छ पाणी. वरचं पाणी ओतून दिलं तर तळाशी पांढरा गाळ, लोण्यासारखा मऊ. गायीचा की म्हशीचा, या विचारात मी तो चिमटीत चोळत होतो, तेवढ्यात भागरताने बोट बुडवलं आणि चुलीच्या भिंतीवर एक रेघ ओढली. रेघ वाळली आणि चुन्यासारखी पांढरी झाली.

"छुई आहे," ती म्हणाली. "एवढी चांगली छुई कुठं भेटली तुम्हाले? दिवाळीला भिंती पोतायला होईन."

छुई म्हणजे पांढरी चिकण माती. आमच्या गावच्या रानात ती नाही, चार कोसांवरून आणावी लागते. गावात ती एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण मला माझ्या आजाने दाखवलं होतं. कापगत्यांनी पाळ बांधली तेव्हा तिच्या पोटात छुईची भिंत भरली होती, पाणी आरपार जाऊ नये म्हणून. माझ्या आजाने त्या छुईच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या होत्या.

मी चपला न घालताच निघालो. पाळीवर जाऊन देवकाच्या घराच्या बरोबर वर आडवा झालो आणि जमिनीला कान लावला. आत बैल हौदावर पाणी पीत असल्यासारखा आवाज येत होता. घोट, थांबा, घोट. पाण्याच्या अंगाला पाहिलं तर काठालगत एक बारकासा भोवरा. त्यात पळसाचं एक पान गोल गोल फिरत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते खाली गेलं, आणि वर आलं नाही.

आता माणसाला राहवेल का? मी घरून टोपलीभर कोंडा आणला, भोवऱ्यात ओतला आणि धावत पाळ उतरून देवकाच्या कोचईत जाऊन बसलो. विड्याचं एक पान चघळून होईपर्यंत काही नाही. मग पांढऱ्या पाण्यातून एकेक करत धानाचा कोंडा वर आला आणि माझ्या पायाच्या बोटांना चिकटला.

माझं हसू तिथंच संपलं. बोडी दूध देत नव्हती. तिचं आतडं वाहून बाहेर येत होतं.

मी देवकाला बोलावलं. सांगितलं, की ही पाळ आतून पोकळ होत आहे, फुटली तर सगळ्यात आधी तुझी मागची भिंत जाईल, आणि त्या भिंतीला लागून तुझ्या सुनेची बाज आहे, पोरगी आहे. हे सांगताना मी चार वेळा अडखळलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसली.

"आज गोष्ट काही रंगली नाही, भाऊ. वाघ बी नाही, भूत बी नाही."

मी कोंडा दाखवला. आडकू म्हणाला, की दुधात कोंडा टाकल्यावर कोणतीही गाय रागावेल, यापुढे सोविंदाभाऊला इथे फिरकू देऊ नका.

मी तसाच पार्बताबाईंकडे गेलो आणि सगळं ओतून मोकळा झालो. त्या घाबरल्याही नाहीत आणि चकितही झाल्या नाहीत. म्हणाल्या की तुडुम उघडलं तर पाणी उतरेल आणि भोवरा उघडा पडेल, पण तुडुमावर माणसं बसली आहेत, पाणी गेलं तर पान्हा जाईल म्हणून. "मी हात लावला का माझे हात धरतात. डोंगराकडं आभाळ भरून आलं आहे. तुम्हीच पाहा आता."

तुडुम म्हणजे बोडीतून पाणी सोडायची जागा. पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, आणि भोकात ठोकून बसवलेला लाकडी गुट्टा. आमच्या तुडुमाला चार गुट्टे होते.

टोलीकडे परत येईपर्यंत माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. देवकाच्या दारात पोचलो, तर आतून तान्ह्या पोरीचं रडणं येत होतं आणि जसवंताचं कण्हणं. देवका विस्तवावर कापड तापवत बसली होती. सुनेच्या छातीत गाठी धरल्या होत्या, ताप चढला होता, पान्ह्याचं पाणी पाजूनही उतार पडत नव्हता.

मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो. आणि तुम्हाला काय सांगू, माझी जीभ अशी सुटली जसा दावं तुटलेला गोऱ्हा.

"देवका, पहाटे मी पाळीवर होतो. कान लावून ऐकलं. बोडी कण्हत होती."

तिचा हात थांबला.

"मला म्हणाली, सोविंदा, तू तरी सांग या लोकांना. माझे चारही सड यांनी लाकडाने बुजवून ठेवले, अन् वरून नारळ फोडतात. सड बंद केल्यावर मी पान्हा सोडू कुठून? कातडीतून फुटतो आहे तो. हा काय माझा आनंद आहे?"

आजूबाजूच्या बाया जमल्या. मी आवाज खाली आणला. गायीचं वासरू मेलं आणि कोणी तिला पिळलं नाही, तर कास दगडी होते, मग सुजते, मग फुटते. हे त्यांना मी काय सांगणार, मी फक्त आठवण करून दिली. आतून जसवंता पुन्हा कण्हली, आणि त्या कण्हण्याने माझ्या गोष्टीला जेवढं बळ दिलं तेवढं माझ्या सगळ्या वाघांनी मिळून कधी दिलं नसेल.

"मंग काय करावं म्हणते?" देवकाने विचारलं.

"चारही सड मोकळे करा म्हणते. आजच. पण बाळंतीण आहे ती. तिला मोकळी करताना गड्यांनी समोर राहायचं नसते. बायांनीच जायचं. टोलीत कोणी थांबायचं नाही. लेकरं, म्हातारे, शेळ्या, कोंबड्या, सारे शाळेच्या टेकडीवर. तिचा पान्हा कोणाच्या अंगावर उडाला तर दोष लागन."

आडकू पुढे आला. एवढं मोठं देवस्थान, पाणी सोडलं की सगळं संपेल, असं काहीतरी तो बोलू लागला. देवकाने तापलेलं कापड हातात तसंच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"आडकू, तुझ्या बायकोला तीन लेकरं झाली. तिला बोलावू का? तिच्यासमोर हेच सांग."

आडकू नारळांचं पोतं आवरू लागला.

दुपार कलायच्या आत टोली रिकामी झाली. जसवंताला बाजेसकट चौघांनी उचलून टेकडीवर नेलं, पोरगी भागरताने कडेवर घेतली होती ती तिच्या शेजारी निजवली. गडी सारे शाळेच्या ओट्यावर बसले. बाया पार्बताबाईंच्या मागे पाळीवरून तुडुमाकडे निघाल्या. दुरून त्या मुंग्यांच्या ओळीसारख्या दिसत होत्या, आणि त्या ओळीत माझी भागरताही होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुडुम एका टोकाला, वाट पाळीवरून, आणि वाटेत बरोबर तो पोकळ तुकडा. जाताना त्या त्यावरून गेल्या होत्या. आता पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि त्यांना परत यायचं होतं. थाप रचताना मी गड्यांना दूर केलं, शेळ्यांना दूर केलं, आणि बायांना थेट बोडीच्या छातीवर पाठवलं.

पाणी सुटल्याचा आवाज आला. एक सड, मग दुसरा, तिसरा. चौथ्याला फार वेळ लागला. तिकडून गाण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं, मग हसण्याचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. गडी माना ताणून बघत होते.

"भाऊ, थंडी पडली तरी तुम्हाले घाम कायचा?" आडकूने विचारलं.

मी पाळीवरून नजर हलवली नाही. पाणी उतरत होतं. पाळीच्या आतल्या अंगाला चिखलाचा पट्टा दिसू लागला होता आणि तो हळूहळू रुंद होत होता. उजेड असतानाच बाया परत निघाल्या. त्या पोकळ तुकड्याच्या दिशेने येऊ लागल्या तसा मी उठलो आणि टेकडी उतरून पळत सुटलो. मागून गडी ओरडत होते, की दोष लागेल, तूच सांगितलं ना. मी पळत होतो, पण पाय साठीचे होते आणि पाळ लांब होती.

आणि मग मी पाहिलं, की त्या तुकड्यापर्यंत पोचायच्या बऱ्याच आधी पार्बताबाई थांबल्या. हात वर केला. सगळी ओळ थांबली. आणि एकही बाई काही न विचारता, एकामागे एक, पाळ उतरून शेताच्या बांधावरून लांबचा वळसा घालून येऊ लागली. जणू कोणी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटची बाई बांधावर पोचून थोडा वेळ झाला असेल. धप्प असा आवाज झाला, तुम्ही म्हणाल पोतं पडल्यासारखा, पण त्या आवाजाने माझ्या तळपायाखालची जमीन हलली. पाळीचा माथा आत बसला. आतली पोकळी केवढी होती म्हणता? दोन बैलजोड्या गाडीसकट उभ्या राहिल्या असत्या. भागरता म्हणते एक वासरू. वासरू तर वासरू. बोडीत उरलेलं पाणी त्या खिंडारातून निघालं, पांढरं नाही, लाल गढूळ. त्याने कोचई उपटली, कोंबड्यांचं खुराडं उचललं, आणि देवकाच्या घराची मागची भिंत उभीच्या उभी आत ढकलून जसवंताची बाज जिथे होती तिथे कंबरभर चिखल नेऊन ठेवला. मग थांबलं. त्यामागे आणखी पाणी नव्हतं. बाकीचं चार सडांतून निघून गेलं होतं.

देवका त्या पडलेल्या भिंतीसमोर उभी राहिली आणि मग टेकडीकडे बघत राहिली.

खिंडार बुजवायला सगळी टोली लागली, मालकिणीने सगळ्यांना आपल्या अंगणात जेवू घातलं. तिथेच एका संध्याकाळी मी पार्बताबाईंना विचारलं, की बोडी पान्हावली नाही हे तुम्हाला कधी कळलं.

"पाझर पांढरा झाला त्या दिवशीच. छुई ओळखू येत नाही का मले? माझ्या घरच्या पाळीतली आहे."

"मग लोटा देऊन मला गाय का म्हैस विचारलं, ते?"

"मी टोलीत जाऊन खरं सांगितलं, तर मालकीण लोभी झाली. तुम्हाले खरं सांगितलं असतं, तर तुम्ही तेच सांगत फिरले असते. खरं सांगताना तुमची जीभ अडते, सोविंदाभाऊ, सारा गाव ओळखते." त्यांनी माझ्या पत्रावळीवर भात वाढला. "तुमचं तुम्हाले उमजू दिलं. पुढचं तुम्हाले कोणी शिकवावं लागत नाही, एवढं मले ठाऊक होतं."

मी भात कालवत बसलो. आयुष्यभर मी गावाला खेळवलं आणि एका लोट्यात या बाईने मला खेळवलं. बायकांना तुडुमावर तुम्ही काय सांगितलं, असंही विचारलं मी. त्या म्हणाल्या, वरण घ्या.

पार्बताबाई आता नाहीत. बोडी आहे, पाळ आहे, जसवंताची पोरगी दोन लेकरांची आई आहे. आणि दर श्रावणात, बोडी भरली की एक दिवस टोली रिकामी होते. गडी, शेळ्या, कोंबड्या शाळेच्या टेकडीवर. बाया पाळीवरून चालत जातात, वाटेत कुठे ओल आहे, कुठे बीळ आहे, कुठे माती बसली आहे ते बघत बघत, आणि चारही गुट्टे काढून, साफ करून, पुन्हा ठोकून येतात. गावात विचारा, शंभर वर्षांची रीत आहे म्हणून सांगतील. ही रीत माझ्या डोक्यातून निघाली, असं मी सांगायला गेलो की पोरं म्हणतात, आजा, वाघाचीच सांगा, ती बरी आहे.

गेल्या साली त्या दिवशी पाटबंधाऱ्याचे एक तरुण साहेब आले. आमच्याबरोबर त्यांनाही टेकडीवर बसावं लागलं. सगळी व्यवस्था बघून ते खूश झाले. त्यांना कोणीतरी सांगितलं, की गावात सगळ्यात जुना माणूस हा, याला सगळं ठाऊक असते. तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. दूर तुडुमाकडून हसण्याचा आवाज आला, आणि मग एकदम शांतता.

"आजोबा," त्यांनी विचारलं, "त्या बायका तिथं एवढा वेळ करतात तरी काय?"

मी तोंड उघडलं. पन्नास गोष्टी जिभेवर तयार होत्या. भागरताला मी इतकी वर्षं विचारत आलो आहे; ती दर वेळी चुलीत फुंकर घालते. टेकडीवरचे सगळे गडी कान टवकारून माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

साहेब हसले. "सांगायचं नसेल तर राहू द्या," म्हणाले.